गाळलेलं मधलं पद

बैलगाडी बैल ओढतो. मालगाडीत माल असतो. हातगाडी हाताने ढकलतात आणि आगगाडी आगीच्या जोरावर चालते. शब्द चार, शेवट एकच, पण पहिल्या पदाचं 'गाडी'शी असलेलं नातं चारही ठिकाणी वेगळं. हे नातं शब्दात कुठेही लिहिलेलं नाही. तरीही मराठी घरातल्या चार वर्षांच्या पोराला मालगाडी माल ओढतो असं वाटत नाही. शाळेत आपल्याला अशा शब्दांच्या एका प्रकाराचं नाव शिकवलं होतं, मध्यमपदलोपी समास. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे, पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. 'घालून केलेली' हे मधलं पद गळालं, आणि कुणाचं काही अडलं नाही.

दोन मार्कांपुरतं हे लिहून मी पुढे इंजिनिअरिंगला गेले आणि समास मागे राहिला. तो पुन्हा भेटला लोज्बान नावाच्या कृत्रिम भाषेचं व्याकरण वाचताना. एखादी भाषा कोऱ्या कागदावर, सगळे नियम आधी ठरवून बनवली, तर तिच्यात जोडशब्द कसे तयार होतील? त्यांची नोंद कोण ठेवेल? आणि ती नोंद कुणाच्या मालकीची असेल? लोज्बान आणि तिची जन्मदात्री लॉग्लान या दोन भाषांना हे प्रश्न एकामागून एक सोडवावे लागले. त्यातला एक प्रश्न गणिताने सुटला, एक कोर्टात सुटला, आणि एक अजून सुटायचा आहे.

सुरुवात १९५५ सालची. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ जेम्स कुक ब्राऊन यांना एक प्रयोग करायचा होता. आपण जी भाषा बोलतो तिच्यामुळे आपल्या विचारांना वळण लागतं, हे सपीर आणि व्होर्फ यांच्या नावाने ओळखलं जाणारं गृहीतक त्या काळी चर्चेत होतं. ते तपासायचं तर नेहमीच्या भाषांपेक्षा फार वेगळी भाषा हवी, म्हणून ब्राऊन यांनी ती बनवायलाच घेतली. तर्कशास्त्राच्या पायावर उभी राहणारी ही भाषा म्हणजे 'लॉजिकल लँग्वेज', थोडक्यात लॉग्लान. जून १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात तिच्यावर त्यांचा लेख आला आणि देशभरातल्या हौशी मंडळींची पत्रं सुरू झाली. ब्राऊन यांनीच तयार केलेला 'करिअर्स' हा बोर्डगेम अमेरिकेत चांगला खपत होता. त्याच्या रॉयल्टीतून या उद्योगाला पैसा मिळाला.

मूळ शब्द बनवण्याची ब्राऊन यांची पद्धत कुठल्याही प्रोग्रामरला आवडेल अशी होती. जगातल्या आठ मोठ्या भाषा घ्यायच्या, त्यांत हिंदीही होती. एका अर्थाचे आठही शब्द समोर ठेवायचे आणि सगळ्यांशी जास्तीत जास्त जुळणारा नवा शब्द शोधायचा. ज्या भाषेचे बोलणारे जास्त, तिचं वजन जास्त. निळ्या रंगाला त्यांनी 'ब्लानु' हा शब्द केला. त्यात इंग्रजी 'ब्लू', जर्मन 'ब्लाउ' आणि चिनी 'लान' यांचे आवाज मिसळलेले आहेत.

पण मूळ शब्द किती बनवणार? हजार, फार तर दीड हजार. बाकी जगासाठी जोडशब्दच हवेत. इथे पहिली अडचण आली. सुरुवातीच्या लॉग्लानमध्ये दोन शब्द जोडताना त्यांची काटछाट करून कानाला बरं वाटेल असं रूप घेतलं जायचं. असा शब्द ऐकून त्याचे तुकडे मात्र ओळखता येत नसत. आपल्याकडे 'म्हाडा' किंवा 'सिडको' ऐकून आत कुठले शब्द दडले आहेत ते कळत नाही, तसंच काहीसं. नियमांवर चालणाऱ्या भाषेत प्रत्येक जोडशब्द नव्याने पाठ करावा लागणं म्हणजे नियम फुकट गेल्यासारखंच होतं.

१९७०च्या दशकाच्या शेवटी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दरचनेचे नियमच मुळापासून बदलायला घेतले. हे काम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. लॉग्लानवाले त्याला शब्दरचनेची महाक्रांती म्हणत. तिचं सूत्र सोपं होतं. प्रत्येक मूळ शब्दाला त्याचे स्वतःचे छोटे तुकडे नेमून द्यायचे, एक तुकडा दोन शब्दांना द्यायचा नाही, आणि जोडशब्द फक्त या तुकड्यांतून बनवायचे. म्हणजे शब्द कितीही लांब असला तरी ऐकणाऱ्याला तो उसवता येतो.

ही यंत्रणा पुढे लोज्बानमध्ये जास्त काटेकोर झाली, म्हणून तिचं उदाहरण लोज्बानमधूनच घेते. तिथे मूळ शब्दाला 'गिस्मु' म्हणतात, तुकड्याला 'राफ्सी' आणि जोडशब्दाला 'लुज्वो'. कुत्र्यासाठी गिस्मु आहे 'गेर्कु'. उच्चारून पाहा, शेवटाला हिंदीतला 'कुत्ता' कानाला जाणवेल. घर किंवा घरटं म्हणजे 'झ्दानी'. गेर्कुचे तुकडे तीन: गेर, गेहु आणि गेर्क. झ्दानी शेवटी अख्खा तरी येतो, नाहीतर 'झ्दा' एवढाच. तीन गुणिले दोन, म्हणजे कुत्र्याच्या घराचा शब्द सहा प्रकारे जोडता येतो. या सहाही रूपांचा अर्थ एकच धरायचा असा नियम आहे. मग कोशात कुठलं रूप लिहायचं?

त्यासाठी एक सूत्र आहे. रोमन लिपीतल्या प्रत्येक अक्षराचे हजार गुण. तुकडे चिकटवायला मध्ये जादा अक्षर घालावं लागलं तर आणखी शंभर. तुकड्याचा आकार उच्चाराला सोयीचा असेल तर त्याप्रमाणे दहा ते ऐंशी गुण वजा, आणि प्रत्येक स्वरामागे एक गुण वजा. ज्याचे गुण सर्वांत कमी तो शब्द जिंकला. 'गेर्झ्दा'ची रोमन अक्षरं सहा. आकाराचे १२० गुण गेले, दोन स्वरांचे दोन गेले, उरले ५,८७८. सगळ्यात लांब रूपात गेर्क आणि झ्दानी यांच्यामध्ये 'अ'सारखा एक पुसट स्वर डिंकासारखा लावावा लागतो. त्याचे होतात १०,०४७. त्यामुळे कोशात जातो 'गेर्झ्दा'.

एवढ्यावर भागत नाही. बोलताना आपण शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाही, त्यामुळे शब्द कुठे सुरू झाला हेही आवाजावरूनच कळायला हवं. कथासरित्सागरातली सातवाहन राजाची गोष्ट इथे आठवते. जलक्रीडेत राणी म्हणाली 'मोदकैः'. तिला म्हणायचं होतं मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला ऐकू आले मोदक, आणि त्याने खरोखरच मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला आणि व्याकरण शिकायला बसला.

लोज्बानच्या व्याकरणात या घोटाळ्यावर एक खास चाचणी आहे. तिचं नाव तिच्या नमुन्याच्या शब्दावरून पडलंय, 'तोस्माब्रु' चाचणी. 'तोस' आणि 'माब्रु' म्हणजे सस्तन प्राणी, हे दोन नुसते जोडले तर ऐकणारा तो शब्द 'तो' आणि 'स्माब्रु' असाही तोडू शकतो. लोज्बानमध्ये 'तो' म्हणजे कंस सुरू झाल्याची खूण, 'स्मा' हा शांततेचा तुकडा आणि 'ब्रु' ब्रशचा. सस्तन प्राण्याऐवजी कंसातला शांत ब्रश हातात येतो. म्हणून अशा ठिकाणी मध्ये तो पुसट स्वर घालणं सक्तीचं आहे. सातवाहनाच्या राणीला अशी सोय असती तर मोदक आले नसते.

थोडक्यात, रूपाचा प्रश्न सुटला. शब्द जोडायचा कसा, उसवायचा कसा, सहांतलं कुठलं रूप धरायचं, सगळं यंत्राला सांगता येतं. माझ्यासारखीला हा प्रोग्राम लिहायला एखादी दुपार पुरते.

पुढचा प्रश्न मालकीचा होता, आणि तो प्रोग्रामने सुटणारा नव्हता.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन परिसरात राहणारे बॉब लेशेव्हॅलिए लॉग्लानचा शब्दकोश अद्ययावत करण्याच्या कामाला लागले. त्यांच्याबरोबर नोरा टान्स्की होत्या, ज्यांच्याशी त्यांचं पुढे लग्न झालं. नोरा यांनी शब्द पाठ करून घेणारा एक संगणक प्रोग्रामही तयार केला. ब्राऊन यांची भूमिका अशी होती की शब्दसंग्रहाचा कॉपीराइट लॉग्लान इन्स्टिट्यूटचा आहे आणि परवानगीशिवाय तो कुणी वापरायचा नाही. आयुष्याची तीस वर्षं ज्या माणसाने त्या भाषेला दिली, त्याला अर्धवट गोष्ट लोकांच्या हाती जाऊन बिघडेल ही भीती वाटणं मी समजू शकते. पण समोरच्या मंडळींचा मुद्दाही साधा होता. जे शब्द वापरायला परवानगी लागते, त्या शब्दांत बोलायचं कसं?

१९८७ मध्ये या मंडळींनी लॉजिकल लँग्वेज ग्रुप स्थापन केला आणि आमच्या क्षेत्रात ज्याला फोर्क म्हणतात तो काढला. व्याकरणाची कल्पना तीच ठेवली, पण शब्द सगळे नव्याने पाडले. या वेळी भाषा सहा घेतल्या: चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी. पुन्हा तीच वजनं, तीच जुळवाजुळव, आणि सुमारे १,३५० नवे गिस्मु. ज्यांना जुने शब्द पाठ होते त्यांनी ते सोडून नवे पाठ केले. भाषेचं नावसुद्धा जोडशब्दच आहे. तर्काच्या गिस्मुचा तुकडा 'लोज', भाषेच्या गिस्मुचा 'बान', मिळून लोज्बान.

लॉग्लान या नावाचा ट्रेडमार्क इन्स्टिट्यूटने नोंदवलेला होता. तो रद्द व्हावा म्हणून ग्रुपने अर्ज केला. प्रकरण वर गेलं आणि १९९२ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ट्रेडमार्क रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. लॉग्लान हे त्या भाषेचं सर्वसाधारण नाव झालेलं आहे, ते कुणाच्या मालाची खूण राहिलेलं नाही, असा त्याचा आशय. लोज्बानची बाजू जिंकली, पण तोवर भाषा दुभंगली होती आणि मुळात थोडे असलेले लोक आणखी वाटले गेले होते.

या भांडणातून लोज्बानने एक धडा मात्र घेतला. भाषेची व्याख्या सार्वजनिक मालकीची असेल हे सुरुवातीपासून जाहीर केलं. शब्दांची यादी ठरली की ती गोठवायची, शिकलेल्या माणसाला उद्या पुन्हा नव्याने शिकायला लावायचं नाही. १९९७ मध्ये जॉन कोवन यांनी लिहिलेलं भाषेचं संपूर्ण व्याकरण पुस्तकरूपात आलं. आता रूप पक्कं होतं आणि मालकीही. आणि मग लक्षात येतं की बैलगाडी, मालगाडीचा प्रश्न जिथल्या तिथे उभा आहे.

लोज्बानमध्ये दोन शब्द नुसते शेजारी ठेवले, 'गेर्कु झ्दानी', तर त्याला 'तान्रु' म्हणतात. तान्रु मुद्दाम मोघम ठेवलेला आहे. कुत्र्यासाठीचं घर, कुत्र्याच्या आकाराचं घर, भिंतीवर कुत्र्यांची चित्रं असलेलं घर, काहीही चालतं. ऐकणाऱ्याने संदर्भाने समजून घ्यायचं. पण तेच दोन शब्द लुज्वो म्हणून चिकटवले की अर्थ एकच हवा, तोही कायमचा. प्रश्न असा की तो एक अर्थ येतो कुठून? 'गेर' आणि 'झ्दा' यांत 'साठी' हा अर्थ कुठेच नाही. यंत्राने शब्द उसवून दिला तरी हातात कुत्रा आणि घर एवढंच येतं.

कोवन यांच्या पुस्तकातलं बारावं प्रकरण याच प्रश्नावर आहे. त्याच्या शीर्षकातच कुत्र्याचं घर आणि पांढरं घर आहेत. या कामात ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञ निक निकोलस यांचा मोठा वाटा होता. त्यांची पद्धत समजायला आधी एक गोष्ट माहीत हवी. लोज्बानमध्ये प्रत्येक शब्दाला ठरलेल्या रिकाम्या जागा असतात. मराठीत त्यांना अमुक, तमुक, ढमुक म्हणू. गेर्कु म्हणजे 'अमुक हा तमुक जातीचा कुत्रा आहे'. झ्दानी म्हणजे 'अमुक हे तमुकचं घर आहे'. आता दोन्ही वाक्यांतल्या जागा एकमेकींवर ठेवून बघायच्या. घराचा तमुक, म्हणजे राहणारा, हाच कुत्र्याच्या वाक्यातला अमुक. म्हणून गेर्झ्दा म्हणजे 'अमुक हे तमुक या ढमुक जातीच्या कुत्र्याचं घर'. पांढऱ्या घराचं वेगळं. तिथे जो अमुक घर आहे तोच अमुक पांढराही आहे.

वाचताना मला शाळेतला तक्ता आठवला. पहिला प्रकार तत्पुरुष, दुसरा कर्मधारय. अडीच हजार वर्षांच्या व्याकरणपरंपरेने केलेला भेद अमेरिकेतल्या काही हौशी लोकांना रिकाम्या जागा जुळवताना सापडला. बहुव्रीहीला मात्र या नियमांत जागा नाही. लोज्बानच्या लुज्वोत शेवटचं पद नेहमी मुख्य असतं. त्यामुळे 'पिवळं वस्त्र' हा शब्द वस्त्राचाच राहील, ते नेसणाऱ्या देवाचा होणार नाही. आपला पीतांबर तिथे फक्त कापड आहे.

या पद्धतीने बरेच शब्द नीट बसले, पण सगळे बसत नाहीत. म्हणून पुस्तकातच तिला कायदा न म्हणता मार्गदर्शन म्हटलंय. लोज्बान बोलणाऱ्यांनी पुढे दोन नावंच पाडली, नियमाने अर्थ लागणारे लुज्वो आणि नियमाने न लागणारे लुज्वो. या दुसऱ्या ढिगाचं काय करायचं, यावर मतं आजही वेगवेगळी आहेत. काहींना तो पसारा वाटतो, काहींच्या मते माणसं भाषा वापरतात याचीच ती खूण आहे.

मला कामावर हा प्रश्न रोज भेटतो. डेटाबेसमध्ये एका कॉलमचं नाव असतं 'ऑर्डर डेट'. ऑर्डर दिल्याची तारीख, पोचल्याची, की पैसे जमा झाल्याची? नाव तपासून घेणारे प्रोग्राम आमच्याकडे आहेत. शब्द कुठे तुटतो, स्पेलिंग बरोबर आहे का, सगळं ते सांगतात. कुठली तारीख हे सांगते फक्त डेटा डिक्शनरीतली एक ओळ, जी कुणीतरी बसून लिहिलेली असते. ती ओळ नसेल तर ज्याने नाव ठेवलं त्याला शोधून विचारायचं, आणि तो नोकरी सोडून गेला असेल तर नशिबावर हवाला.

लोज्बानने तीच ओळ लिहायचा मार्ग धरला. २००३ पासून तिचा शब्दकोश ऑनलाइन आहे. त्याचं नाव 'ज्बोव्लास्ते' हाही लुज्वोच आहे: ज्बो म्हणजे लोज्बानचा, व्ला म्हणजे शब्द, स्ते म्हणजे यादी. खातं उघडणारा कुणीही नवा शब्द सुचवू शकतो. त्याने रिकाम्या जागांसकट व्याख्या लिहायची, इतरांनी मतं द्यायची. एकाच शब्दाच्या दोन व्याख्या आल्या तर मतांवरून कळतं की लोक कुणाच्या बाजूने आहेत. व्याख्या वेगवेगळ्या भाषांत लिहिता येतात. जिथे कधीकाळी यादी छापायची की नाही यावर संस्था फुटली होती, तिथे आता यादीच सगळ्यांची आहे. त्यात एकदाच कुणाला सुचलेले आणि पुन्हा कुणी न वापरलेले शब्दही पडून आहेत. खुल्या वहीत असं व्हायचंच.

ब्राऊन २००० साली वारले. लॉग्लान आणि लोज्बान दोन्ही अजून आहेत, पण लोज्बान अस्खलित बोलणारेही फार थोडे आहेत. म्हणूनच त्या वहीला किंमत आहे. आपल्या आगगाडीत आता आग राहिलेली नाही. इंजिनं विजेवर चालतात, आणि 'आगीच्या जोरावर चालणारी' हे मधलं पद केव्हाच खोटं ठरलंय. तरी शब्द चालतो, कारण कोट्यवधी लोकांना तो ऐकून माहीत आहे आणि ते तो पुढच्या पोरांना ऐकवतात. ज्या भाषेला इतके कान नाहीत, तिला हे परवडत नाही. तिचे नियम शब्द उसवून देतील, कुत्रा आणि घर वेगळे करून समोर ठेवतील. त्या दोघांत काय नातं होतं, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल तरच कळेल.